न झालेले गोल

17 मार्च 2019 च्या रात्री मुंबईत अंधेरीच्या मैदानावर इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना झाला. त्याचा निकाल कोणत्याही नोंदवहीत एका ओळीत मावतो : बेंगळुरू एफसी 1, एफसी गोवा 0, गोल राहुल भेके, 117 वे मिनिट. ओळ खरी आहे; परंतु त्या माणसाने त्या रात्री जे काम केले त्यातला फारच थोडा भाग तिच्यात उतरला आहे. गोव्याचा संघ त्या काळी आक्रमणासाठी प्रसिद्ध होता. फेरान कोरोमिनास या त्यांच्या स्पॅनिश आघाडीवीराने त्या हंगामात 16 गोल करून सर्वाधिक गोलांचा मान मिळवला होता. अशा संघाला एकशेवीस मिनिटे एकही गोल करता आला नाही. हे घडले कसे, कोणाच्या पायांनी आणि कोणाच्या नजरेने, याविषयी निकालाची ओळ एक शून्य लिहून थांबते. भेकेचा खरा व्यवसाय त्या शून्यात होता. प्रसिद्धी मिळाली ती त्याच्या डाव्या बाजूला छापलेल्या एकाची.

बचावपटूच्या कारकिर्दीविषयी लिहायचे तर ही अडचण पहिल्याच पावलाला येते. आघाडीच्या खेळाडूचे आयुष्य मोजता येते. बेंगळुरूचाच सुनील छेत्री घ्या. भारतासाठी त्याने किती गोल केले हे शाळकरी मुलेही सांगतात. उजव्या कडेला उभे राहून ज्याने हजार वेळा चेंडू येऊच दिला नाही, त्याचे काय मोजायचे? घडलेल्या गोष्टींचा इतिहास लिहिता येतो. घडू न दिलेल्या गोष्टी ज्याने घडू दिल्या नाहीत त्याच्यापाशीच राहतात, आणि पुष्कळदा त्यालाही त्या आठवत नाहीत.

अमेरिकेत फुटबॉल या नावाने जो वेगळाच, हातांनी खेळायचा, शिरस्त्राणांचा खेळ खेळला जातो त्यात 'कॉर्नरबॅक' नावाची एक जागा असते. प्रतिपक्षाचा वेगवान झेलकरी जिकडे धावेल तिकडे त्याच्या अंगाला सावलीसारखे लागून राहायचे, हे त्याचे काम. तो जितका चांगला, तितका चेंडू त्याच्याकडे कमी फेकला जातो. न्यूयॉर्क जेट्सच्या डॅरेल रेव्हिस या कॉर्नरबॅकच्या ताब्यातील मैदानाच्या भागाला 2009 च्या सुमारास लोक 'रेव्हिसचे बेट' म्हणू लागले होते. तेथे गेलेला माणूस जणू जगापासून तुटतो. तेथे तरी त्याला बेटाचे नाव मिळाले. हा खेळ आपल्याकडे रुजवण्याचाही एक प्रयत्न झाला. 2011 साली घोषणा झालेल्या व्यावसायिक साखळीत पुण्याचा 'मराठाज' आणि बेंगळुरूचा 'वॉरहॉक्स' असे संघ होते. पहिला हंगाम 2012 साली श्रीलंकेत खेळला गेला आणि पुढे सारेच विरून गेले.

मराठी वाचकाला या जागेची ओळख दुसऱ्या वाटेने आहे. कबड्डीत दोन्ही टोकांना कोपरारक्षक उभे असतात. चढाईला आलेल्याचा पाय रेषेकडून परत वळतो त्या क्षणी घोट्याला हात घालणारा तो कोपऱ्यातला माणूस. पण कबड्डीचा न्याय फुटबॉलहून उदार आहे : तेथे पकडीलाही गुण असतो. चढाईपटूचा गुण आणि रक्षकाचा गुण एकाच फलकावर, एकाच मोलाने लागतो. फुटबॉलने असा हिशेब कधी ठेवला नाही. तेथे रक्षकाने दिवसभर पकडी केल्या तरी फलक कोराच, आणि एक सुटली की फलक बदलतो. कबड्डीच्या भूमीत जन्मलेल्या माणसाने हा अनुदार खेळ पोटासाठी पत्करावा, यात काही विलक्षण आहे खरे.

राहुल भेके याचा जन्म 6 डिसेंबर 1990 चा, मुंबईचा. मुंबई हे क्रिकेटचे शहर. परंतु कूपरेजच्या मैदानावर बँका, रेल्वे, विमान कंपन्या आणि कारखाने यांच्या संघांनी पिढ्यान्पिढ्या फुटबॉल खेळवला. तो नोकरीचा फुटबॉल होता. खेळाडू कचेरीत हजेरी लावी, दुपारी मैदानात येई आणि पाय थकल्यावर त्याच कचेरीत कारकून म्हणून निवृत्तीपर्यंत बसे. भेके वयात आला तेव्हा ही व्यवस्था संपत आली होती. 2010 साली महिंद्र युनायटेड हा मुंबईचा मातबर संघ बंद झाला. नोकरीची हमी गेली, करार आला. करार एका किंवा दोन हंगामांचा असतो आणि त्यानंतर बसायला खुर्ची नसते. व्यावसायिक हा शब्द या पिढीच्या वाट्याला असा दुधारी आला.

तो कोलकात्याला ईस्ट बंगालमध्ये गेला. त्या काळात भारतीय फुटबॉलमध्ये दोन चुली होत्या. जुनी आय-लीग वेगळी चाले आणि नवी, दिव्यांच्या झगमगाटातील सुपर लीग वेगळी. खेळाडू एका क्लबचा असे आणि काही महिन्यांपुरता दुसऱ्याकडे उसना जाई. भेके 2015 साली केरळकडून आणि 2016 साली पुण्याकडून असा उसना खेळला. ज्या पुणे सिटी संघाचा पोशाख त्याने घातला तो संघही 2019 साली मिटला. या मंडळींची कारकीर्द लिहिताना हे सतत लक्षात ठेवावे लागते की खेळाडू टिकतो आणि त्याच्या पायाखालचे क्लब वाहून जातात.

2017 साली तो बेंगळुरूला आला. शहाजीराजांच्या जहागिरीचे हे शहर. मराठी माणसाला येथे परकेपण वाटू नये असा काही इतिहास आहे, पण फुटबॉलच्या बाबतीत या शहराची स्वतःची वंशावळ आहे आणि तीही मुंबईशी जोडलेली आहे. मुंबईच्या रोव्हर्स चषकावर वर्षानुवर्षे गोऱ्या लष्करी संघांचा हक्क होता. तो 1937 साली मोडला बँगलोर मुस्लिम्स या संघाने, आणि पुढच्या वर्षी पुन्हा जिंकून तो अपघात नव्हता हे दाखवून दिले. छावणीच्या वस्त्यांत, ऑस्टिन टाऊन आणि गौतमपुरातील गल्ल्यांत अनवाणी खेळणारी मुले पुढे विमान कारखान्याच्या आणि टेलिफोन कारखान्याच्या संघांत शिरली. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारताने फ्रान्सशी सामना दिला तो 1-2 असा गमावला. भारताचा तो एकमेव गोल बेंगळुरूच्या सारंगपाणी रामन यांचा होता.

त्याच सामन्यात भारताला दोन पेनल्टी मिळाल्या होत्या आणि दोन्ही वाया गेल्या. त्यांतील एक शैलेन मन्ना यांची. मन्ना हे डावे बॅक होते, आणि त्या पिढीतील थोर बचावपटूंत त्यांची गणना होई. तीन वर्षांनी, 1951 च्या दिल्लीतील आशियाई स्पर्धेत, त्यांच्याच नेतृत्वाखाली भारताने सुवर्णपदक मिळवले. त्या स्पर्धेत भारताने तीन सामने खेळले आणि तिन्हींत मिळून एकही गोल होऊ दिला नाही. अंतिम सामन्यात इराणविरुद्ध मेवालाल यांनी केलेला गोल सर्वांच्या स्मरणात राहिला. ती तीन शून्ये कोणाच्या लक्षात राहिली नाहीत. मन्ना यांचे नाव निघाले की हुकलेली पेनल्टी हटकून निघे. म्हणजे बचावपटूला लोक ओळखतात ते त्याच्या हातून आघाडीवीराचे काम झाले किंवा बिघडले तर. त्याचे स्वतःचे काम कोणाच्या जिभेवर येत नाही.

उजव्या बॅकचे हे काम दिसायला साधे असते. समोरून चेंडू घेऊन येणाऱ्या विंगरपुढे सरळ छाती करून उभे राहायचे नाही. अंग किंचित तिरके ठेवायचे, म्हणजे तो आत वळो वा बाहेर, वळायला वेळ लागत नाही. मग त्याला थोपवायचे. झेपावायचे नाही, हे सर्वांत अवघड. प्रेक्षकांना आवडतो तो घसरत जाऊन चेंडू काढणारा बचावपटू; टाळ्याही त्यालाच मिळतात. परंतु जाणकाराला ठाऊक असते की अशी घसरण पुष्कळदा आधीच्या दोन पावलांत झालेल्या उशिराची भरपाई असते. ज्याला घसरावे लागत नाही तो अधिक चांगला, आणि त्याला टाळी नसते. विंगरला रेषेकडे ढकलत न्यायचे, त्याच्यापुढचा रस्ता अरुंद होत जाईल असे करायचे आणि अखेर त्यालाच कंटाळून चेंडू मागे द्यायला लावायचा. तो चेंडू मागे जातो तेव्हा मैदानात काहीही घडलेले नसते.

दुसरे काम पाठीमागे बघण्याचे. आक्रमण डाव्या बाजूने येत असेल तर उजव्या बॅकने आत सरकून दूरच्या खांबापाशी उभे राहावे लागते. तेव्हा चेंडू समोर असतो आणि माणूस पाठीशी. दोघांवर एकाच वेळी नजर ठेवता येत नाही. मग दर दोन क्षणांनी मान वळवायची. याशिवाय बचावाची रेषा चौघांनी मिळून पुढे-मागे न्यायची असते. एकाचे पाऊल अर्ध्या क्षणाने मागे राहिले तर ऑफसाइडचे सगळे गणित कोसळते, आणि दोष मात्र शेवटी ज्याच्यासमोर गोल झाला त्याच्या पदरी पडतो. भेके या कामात रमणारा खेळाडू. अंगकाठी उंच, डोके चेंडूखाली आणण्याचा अचूक अंदाज आणि हाताने लांबवर फेकलेला थ्रो-इन. हा त्याचा थ्रो प्रतिपक्षाला कॉर्नरइतकाच जाचक होई.

बेंगळुरू एफसीचा सुपर लीगमधील तो पहिलाच हंगाम. संघ गुणतक्त्यात पहिला आला आणि अंतिम सामना त्याच्याच घरी, श्री कंठीरव मैदानावर ठरला. कंठीरव म्हणजे सिंह. पण सिंहाच्या त्या गुहेभोवती धावपटूंची मार्गिका आहे, त्यामुळे प्रेक्षक खेळापासून काहीसे दूर बसतात आणि हे अंतर आवाजाने भरून काढतात. तारीख 17 मार्च 2018. नवव्याच मिनिटाला छेत्रीने गोल केला. त्यानंतर चेन्नईयिनच्या मैलसन आल्व्हेस या ब्राझिली खेळाडूने पूर्वार्धातच कॉर्नरवरून डोक्याने दोन गोल केले. मैलसन हा बचावपटू होता. बेंगळुरूने सामना 2-3 असा गमावला. भेके त्या दिवशी बेंगळुरूच्या बचावफळीत होता. वर्षभर जे शून्य जपले होते ते घरच्या मैदानावर, दुसऱ्या बाजूच्या एका बचावपटूनेच दोनदा मोडले.

महिनाभराने भुवनेश्वरला सुपर कपचा अंतिम सामना झाला, समोर भेकेचा जुना क्लब ईस्ट बंगाल. तेथे पिछाडीवर असताना बरोबरी साधणारा गोल भेकेने केला आणि तोही टाचेने. बेंगळुरूने सामना 4-1 असा जिंकला. टाचेचा गोल ही आघाडीवीराचीही चैनीची वस्तू. बॅकच्या पायातून ती निघाल्यावर वर्तमानपत्रांना आनंद होणे स्वाभाविक होते.

आता पुन्हा अंधेरीच्या त्या रात्रीकडे यावे. तारीख तीच, 17 मार्च, वर्ष 2019. नव्वद मिनिटे कोरी गेली. जादा वेळेच्या पहिल्या सत्राच्या अखेरीस गोव्याच्या अहमद जहूहला दुसरे पिवळे कार्ड मिळून बाहेर जावे लागले. दहाजणांचा संघ पेनल्टीच्या फेरीकडे डोळे लावून मागे सरकला. 117 व्या मिनिटाला बेंगळुरूला कॉर्नर मिळाला आणि दिमास देलगादो चेंडू ठेवायला गेला.

कॉर्नरच्या वेळी उंच बचावपटू पुढे जातात आणि बुटके, चपळ खेळाडू मागे राखणीला राहतात. थोड्या वेळापुरती कामांची अदलाबदल होते. पण ही अदलाबदल वाटते तितकी सोपी नाही. बचावपटू आयुष्यभर जे हेडर शिकतो ते चेंडू दूर घालवण्याचे असते. आपल्या गोलासमोर चेंडू वर, लांब आणि कडेला घालवायचा असतो. त्यासाठी कपाळ चेंडूच्या खाली जावे लागते. प्रतिपक्षाच्या गोलासमोर नेमके याच्या उलट. तेथे चेंडूच्या वर उठून त्याला खाली मारावे लागते. वर्षानुवर्षे अंगात मुरवलेली सवय एका उडीच्या अवधीत उलटी करावी लागते. भेकेने ती केली. गोलरक्षकाला काही करता आले नाही. बेंगळुरूला सुपर लीगचे पहिले विजेतेपद मिळाले. साखळीत पहिला आणि अंतिम सामन्यातही विजयी असा तो त्या स्पर्धेतला पहिलाच संघ ठरला.

दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत ती उडी होती. ते योग्यच होते. मात्र त्या उडीआधी गोव्याच्या विंगरांना थोपवून धरलेली 116 मिनिटे छापण्यासारखी कोणालाही वाटली नाहीत, कारण त्यांचे छायाचित्र निघत नाही. गोल होऊन गेल्यावरही तीन मिनिटे आणि वर भरपाईचा वेळ उरला होता, आणि गोल करणाऱ्याला परत धावत जाऊन उजव्या कडेला उभे राहायचे होते.

त्याच वर्षी 5 जून रोजी थायलंडमधील किंग्ज कपमध्ये कुरासावविरुद्ध तो भारताकडून प्रथम खेळला. वय अठ्ठावीस पूर्ण. आघाडीचा खेळाडू असता तर इतकी वर्षे तो नजरेआड राहिला असता का, असा प्रश्न पडतो. अकरा आठवड्यांपूर्वीच्या त्या हेडरने निवडकर्त्यांच्या मनात काही हलवले की नाही हे कोणी सिद्ध करू शकणार नाही. पण क्रम असा आहे खरा.

2021 साली तो आपल्या जन्मगावच्या संघात, मुंबई सिटीत गेला. तेथेही हाच खेळ निराळ्या रंगमंचावर झाला. 11 एप्रिल 2022, रियाध. एएफसी चॅम्पियन्स लीग या आशियातील सर्वोच्च क्लब स्पर्धेत तोवर एकाही भारतीय संघाने सामना जिंकला नव्हता. समोर इराकचा वायुदलाचा संघ, अल-कुवा अल-जाविया. याच संघाने 2016 च्या एएफसी कपच्या अंतिम सामन्यात बेंगळुरू एफसीला दोह्यात 1-0 असे हरवले होते. मुंबई पिछाडीवर पडली, पेनल्टीवर बरोबरी झाली आणि 75 व्या मिनिटाला कॉर्नरवर भेकेने डोक्याने विजयाचा गोल केला. कॉर्नर घेणारा होता अहमद जहूह, तीन वर्षांपूर्वी अंधेरीत कार्ड घेऊन बाहेर गेलेला. व्यावसायिक खेळात वैर हंगामापुरते असते. बेंगळुरूचे जुने देणे बेंगळुरूच्या जुन्या बॅकने, मुंबईच्या पोशाखात, चुकते केले. परंतु हा हिशेब ठेवणारी वही कोणत्याच क्लबाकडे नाही.

पुढच्या वर्षीची एक लढत येथे सांगितली पाहिजे, जरी तिचा नायक भेके नाही. 12 मार्च 2023 रोजी कंठीरव मैदानावर बेंगळुरू आणि मुंबई यांच्यात उपांत्य फेरीचा दुसरा सामना झाला. साखळीत अव्वल आलेल्या मुंबईला पहिल्या सामन्यातील पराभव भरून काढायचा होता, आणि तो भरून काढणारा गोल मेहताब सिंग या त्यांच्या बचावपटूने केला. सामना पेनल्टीवर गेला. दोन्ही बाजूंचे खेळाडू एकामागून एक अचूक मारत राहिले. मग मेहताबची पाळी आली आणि गुरप्रीत सिंग संधूने त्याचा फटका अडवला. पुढची पेनल्टी बेंगळुरूच्या संदेश झिंगनने मारली आणि 9-8 असा निकाल लागला. झिंगनही बचावपटूच. एका रात्रीत एका बॅकने संघाला वाचवले, त्यानेच बुडवले आणि दुसऱ्या बॅकने ते बुडणे पक्के केले. तिघांचेही नाव झाले, म्हणजे दोघांचे तीनदा. आणि तिन्ही प्रसंगी काम आघाडीवीराचे होते. शैलेन मन्ना यांना हे पाहून आश्चर्य वाटले नसते.

भेके पुढे मुंबईचा कर्णधार झाला. 4 मे 2024 रोजी कोलकात्यात, साठ हजारांवर मोहन बागानच्या चाहत्यांपुढे, मुंबईने अंतिम सामना 3-1 असा जिंकला आणि चषक त्याने उचलला. त्यानंतर तो बेंगळुरूला परतला. तोवर तिशी मागे पडली होती आणि उजव्या कडेवरून तो मधल्या जागी सरकला होता. बहुतेक बॅकांच्या आयुष्यात हे स्थलांतर येते. कडेला पाय लागतात, मध्यावर डोळे. विंगरच्या मागे साठ मीटर धावणे जमेनासे झाले की त्याला कोठे धावायचे आहे हे आधीच ओळखून तेथे जाऊन उभे राहायचे. वयाने जे नेले त्याची जागा वाचनाने भरायची. कडेचा खेळाडू निदान प्रेक्षकांच्या जवळून तरी धावतो. मधला त्यांच्यापासून आणखी दूर जातो.

डोके मात्र चालूच राहिले. 18 नोव्हेंबर 2024 रोजी हैदराबादला मलेशियाविरुद्ध भारत मागे पडला असता कॉर्नरवरून बरोबरी साधली ती त्याने. 19 मार्च 2025 रोजी शिलाँगला मालदीवविरुद्ध भारताने 3-0 असा विजय मिळवला. निवृत्तीतून परतलेल्या छेत्रीचा तो पंच्याण्णवावा गोल, आणि मथळे त्याचेच होणार हे उघड होते. पहिला गोल भेकेचा होता, पुन्हा कॉर्नर, पुन्हा कपाळ. आणि उजवीकडचे शून्य? त्याच्याकडे पाहायची सवय आपल्याला नाही.

त्या हंगामात बेंगळुरूने पुन्हा अंतिम फेरी गाठली. 12 एप्रिल 2025 रोजी मोहन बागानने जादा वेळेत 2-1 अशी मात केली. बेंगळुरूला मिळालेला गोलही प्रतिपक्षाच्या बचावपटूचा स्वयंगोल होता. स्वयंगोल ही फुटबॉलच्या नोंदवहीत बचावपटूसाठी राखून ठेवलेली एक खास जागा; त्याचे नाव तेथे कंसात छापले जाते, दुसऱ्याच्या खात्यावर.

मग खेळच थांबला. राष्ट्रीय महासंघ आणि स्पर्धा चालवणारी कंपनी यांच्यातील करार संपत आला, नवा झाला नाही आणि जुलै 2025 मध्ये पुढचा हंगाम बेमुदत लांबणीवर टाकल्याचे क्लबांना कळवण्यात आले. ऑगस्टच्या आरंभी बेंगळुरू एफसीने आपल्या मुख्य संघाचे खेळाडू आणि कर्मचारी यांचे पगार अनिश्चित काळासाठी थांबवत असल्याचे जाहीर केले. चौतिशीतल्या बॅकसाठी हंगाम म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको. विशीतल्या खेळाडूचे एक वर्ष गेले तर ते वर्ष जाते. चौतिशीत एक वर्ष जाते तेव्हा पुष्कळदा तेच शेवटचे असते. कूपरेजवरच्या जुन्या कारखान्याच्या संघातील बॅकला अशा वेळी परत जायला एक टेबल होते. या पिढीने ते टेबल देऊन करार घेतला होता, आणि आता करार होता पण सामने नव्हते.

राष्ट्रीय संघाचे सामने मात्र होते. खालिद जमील हे नवे प्रशिक्षक. कित्येक वर्षांनी भारतीय संघ भारतीय माणसाच्या हाती आला होता. ताजिकिस्तानातील हिसोर येथे मध्य आशियाई संघांच्या स्पर्धेत भारत पाहुणा म्हणून गेला. बऱ्याच खेळाडूंच्या पायांना महिन्यांत स्पर्धात्मक सामना लागलेला नव्हता. 8 सप्टेंबर 2025 रोजी तिसऱ्या स्थानासाठी ओमानशी गाठ पडली. ओमान हा वरच्या क्रमांकाचा संघ. सामना 1-1 असा बरोबरीत सुटला आणि पुन्हा पेनल्टी आल्या.

भारताच्या दोन पेनल्टी हुकल्या. तीन लागल्या, त्यांतील एक भेकेची. पगार थांबल्याच्या घोषणेला तेव्हा महिना उलटून गेला होता. मध्यरेषेवरून ठिपक्यापर्यंतचे ते अंतर तो एकटा चालत गेला, चेंडू जाळ्यात घातला आणि वळून पुन्हा रांगेत, इतरांच्या खांद्यांवर हात टाकून उभा राहिला. ओमानची शेवटची पेनल्टी गुरप्रीतने अडवली.